मुकादमाचा नकार

स्लॅब भरून झाला की ठेकेदाराची घाई सुरू होते. सेंट्रिंग काढा, माल दुसऱ्या साइटवर न्यायचाय! अशा वेळी मुकादमाला 'नाही' म्हणता आले पाहिजे. आय.एस. 456 या भारतीय मानकानुसार साधे सिमेंट वापरले असेल, तर साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्यात स्लॅबखालचे टेकू किमान 7 दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्यात 14 दिवस ठेवावे लागतात. कडक थंडीत मुदत वाढते.

आपली कितीतरी मुले मिस्त्रीच्या हाताखाली शिकत मुकादम होतात. आम्ही त्यांना पगार तेवढा विचारतो. टेकूंखाली वावरणाऱ्या मजुरांचा जीव ही त्यांच्याकडची अमानत आहे, हेही आम्हीच सांगायला हवे. त्या नकारापायी नोकरी गेलीच, तर घराने त्याला बोल लावू नये.