कळसूबाईवर गेलेलं चिकलठाणा

जुन्या जालन्यातून संभाजीनगरच्या रस्त्याला लागलं की पन्नासेक किलोमीटरवर, शहराच्या तोंडाशीच, चिकलठाण्याचा विमानतळ येतो. २६ एप्रिल १९९३ रोजी दुपारी एकच्या सुमारास इथून इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ मुंबईला निघालं. दिल्ली, जयपूर, उदयपूर करत आलेलं हे आयसी ४९१. ते पूर्वेकडे धावलं, धावपट्टी संपता संपता उचललं, पण हवं तेवढं वर गेलंच नाही. धावपट्टीच्या टोकापलीकडून बीड रस्ता जातो आणि त्यावरून त्या वेळी कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक चालला होता. रस्त्यापासून जेमतेम सात फूट उंचीवर विमानाची डावी चाकं आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग ट्रकला लागला. पुढे सुमारे तीन किलोमीटरवर विजेच्या उच्चदाब तारांना धडकून विमान कोसळलं. आत ११८ माणसं होती, त्यांतली ५५ गेली.

चौकशीत दोन कारणं नोंदवली गेली. वैमानिकांनी विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचललं, हे पहिलं. विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक थांबवण्याची व्यवस्था तेव्हाच्या विमानतळ प्राधिकरणाने केली नव्हती, हे दुसरं. दुसरं कारण कुणालाही कळेल. पहिलं मात्र समजून घेण्यासारखं आहे, कारण वैमानिकाचं कौशल्य म्हणतात ते नेमकं कुठे असतं, हे त्यातून दिसतं.

धावपट्टीवर पळणारं विमान जवळपास आडवं असतं. वेग वाढला तरी त्या अवस्थेत पंखांना पुरेशी उचल मिळत नाही. ठरलेल्या वेगाला वैमानिक नाक वर करतो, पंख हवेला तिरके भिडतात आणि उचल एकदम वाढते. याला रोटेशन म्हणतात. हा वेग उड्डाणाआधीच काढलेला असतो. वजन, तापमान आणि धावपट्टीची उंची पाहून. नाक उचलण्याची गतीही ठरलेली, सेकंदाला साधारण अडीच-तीन अंश. घाईने ओढलं तर शेपटी जमिनीला घासते. रेंगाळलं तर धावपट्टी सरते, कारण ताशी अडीचशे किलोमीटर वेगाला एका सेकंदात सत्तर मीटर मागे पडतात. ‘जरासा उशीर’ या शब्दांना इथे जागाच नाही.

आता आपल्याकडच्या उन्हाचं. वर सांगितलेल्या दोन कारणांत ऊन नाही, तरीही मराठवाड्यातल्या कोणत्याही धावपट्टीबद्दल बोलताना ते टाळता येत नाही. चिकलठाणा समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटरवर आहे. तापलेली हवा प्रसरण पावते, विरळ होते. पारा ४० अंशांवर गेला की तिथल्या हवेची घनता समुद्रसपाटीवरच्या प्रमाणित हवेपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी कमी भरते. विमानशास्त्रात याला घनता-उंची म्हणतात. गणित करून पाहिलं तर अशा दुपारी ही उंची साधारण ५,४०० फूट येते, आणि कळसूबाईचं शिखर तेवढंच उंच आहे. धावपट्टी जागची हलत नाही. विमानाच्या लेखी ती मात्र महाराष्ट्राच्या माथ्यावर जाऊन बसलेली असते.

याचा फटका तीन ठिकाणी बसतो. पंखांना उचल कमी, इंजिनाला हवा कमी, आणि छोट्या विमानात पंख्याची ओढही कमी. त्यात एक फसवी गोष्ट अशी की वेगमापक याबद्दल अवाक्षर काढत नाही. तो समोरून येणाऱ्या हवेचा दाब मोजतो, म्हणून नाक उचलण्याचा आकडा थंडीत जो असतो जवळपास तोच उन्हाळ्यातही दिसतो. पण विरळ हवेत तो आकडा गाठायला जमिनीवरचा खरा वेग सुमारे आठ टक्के जास्त लागतो, आणि तोही अशक्त इंजिनावर. नवशिक्याला बाहेर जमीन भराभर मागे पळताना दिसते. शरीर सांगतं, वेग झाला, ओढ. काटा सांगतो, थांब. ज्याला काट्याचं ऐकायची सवय लागली तो पुढे टिकतो.

ही सवय लावायला वेळ लागतो. भारतात व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी किमान २०० तासांचं उड्डाण लागतं, त्यातले १०० तास विमानाची सूत्रं स्वतःच्या हाती घेऊन. बारामती, धुळे, गोंदियाजवळची बिरसी इथे मुलं हे तास भरतात. एकट्याने पहिली चक्कर मारली की पेढे वाटतात, फोटो निघतात. जमिनीवर बसून, तक्त्यावर बोट ठेवून केलेल्या हिशेबाचा फोटो कुणी काढत नाही. माझ्या मते खरा कस तिथे लागतो. छोट्या विमानांसाठी एक जुना आडाखा आहे. अर्धी धावपट्टी संपेपर्यंत उड्डाणवेगाच्या सत्तर टक्के वेग आला नाही, तर इंजिन कमी करायचं आणि थांबायचं. निर्णय आधीच झालेला असतो. त्या क्षणी विचार करायला वेळ नसतोच.

मोठ्या विमानात दोघे असतात आणि तिथे प्रश्न आणखी अवघड होतो, कारण एकाची चूक दुसऱ्याला बोलून दाखवावी लागते. १९७७ मध्ये टेनेरिफला दोन जम्बो धावपट्टीवर आदळून ५८३ जण गेले, त्यानंतर वैमानिकांना हे बोलणं रीतसर शिकवलं जाऊ लागलं. आपल्याकडे ‘साहेबांना कसं सांगायचं’ हा पेच कचेरीत असतो तसाच कॉकपिटमध्येही असतो. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला भर पावसात उतरणारं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान धावपट्टी ओलांडून खाली गेलं, २१ जणांचा जीव गेला. सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ म्हटलं होतं, असं चौकशी अहवालात आहे. म्हणजे पुन्हा वर घ्या, फिरून या. सूचना मिळूनही विमान वर घेतलं गेलं नाही, आणि सूचना देणाऱ्यानेही सूत्रं आपल्या हाती घेतली नाहीत, असं अहवाल म्हणतो.

जालन्यालाही छोटी धावपट्टी आहे. मे महिन्यात तिथून चार आसनी विमान उडवायचं असेल तर आधी तक्ता उघडायचा. तापमान, उंची, वजन, वारा मांडायचं आणि धावपट्टी पुरते का ते पाहायचं. पुरत नसेल तर टाकी अर्धी करायची, नाहीतर एका प्रवाशाला उतरवायचं. तेही जमत नसेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला, हवा गार आणि दाट असताना निघायचं.