सातनूरचा नाका आणि परदेशातलं रोमिंग

रोमिंग म्हणजे काय, हे सौंसर-पांढुर्ण्याच्या माणसाला विमानात बसण्याच्या कितीतरी आधी कळलेलं आहे. दवाखाना नागपूरला, बस्ता नागपूरला, निम्मे सोयरे नागपूरला. १९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे तिकडे गेले आणि छिंदवाडा इकडे राहिला. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, तोही मध्य प्रदेशातच. मोबाईल आला तेव्हा कंपन्यांनीही तीच रेघ धरली. इकडे मध्य प्रदेश-छत्तीसगड सर्कल, तिकडे महाराष्ट्र-गोवा. सातनूरचा नाका ओलांडून सावनेरकडे निघालं की आलेला फोन उचलायचेही पैसे पडायचे. सीमेलगतच्या वावरात उभं राहिलं तरी फोन कधीकधी तिकडचा टॉवर धरायचा. ‘नागपूरले गेलं का बॅलन्स कटते,’ हे वाक्य तेव्हा घरोघरी होतं.

१५ जून २०१५ पासून बीएसएनएलने रोमिंगमध्ये आलेले कॉल मोफत केले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, आणि १ एप्रिल २०१७ पासून एअरटेलनेही देशातलं रोमिंग काढून टाकलं. त्या दिवसांची आठवण पुसली गेली, आणि तिच्याबरोबर एक साधं ज्ञानही गेलं: पैसे आपण कुठले यावर ठरत नाहीत, फोन कुणाचा टॉवर धरतो यावर ठरतात. परदेशात होणाऱ्या खर्चाचे बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात.

‘नेपाळ काय, आपलंच आहे.’ यात्रेला निघालेल्या मंडळींचा हा सगळ्यात जुना समज. पशुपतिनाथाला जायला भारतीयाला पासपोर्ट लागत नाही, बस थेट सीमा ओलांडते, बोलणं हिंदीत भागतं, त्यामुळे फोनही चालेल असं वाटणं साहजिक आहे. पण सोनौली किंवा रक्सौलच्या पुढे टॉवर नेपाळी कंपन्यांचे आहेत आणि देशाचा क्रमांक +९७७ आहे. घरून मारलेलं ‘अनलिमिटेड’ रिचार्ज भारताच्या हद्दीपुरतं असतं. नेपाळसाठी वेगळा आंतरराष्ट्रीय पॅक घ्या, नाहीतर तिथे ओळखपत्र आणि फोटो देऊन स्थानिक सिम घ्या. यात्रेत दहा-बारा जणांचा जथा असेल तर दोघांकडे स्थानिक सिम असलं तरी सगळ्यांचं भागतं.

याच्या अगदी उलट प्रकार देशातच भेटतो. वैष्णोदेवी आणि अमरनाथला जाणाऱ्यांनी नीट ऐकावं: जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमं चालत नाहीत. पोस्टपेड चालतात. बॅलन्स भरपूर आहे म्हणून निर्धास्त राहिलेला माणूस घरच्यांना काळजीत टाकतो, म्हणून जथ्यात एक तरी पोस्टपेड असू द्यावं.

‘परदेशात रोमिंग चालू ठेवलं की पैसे जाणारच, म्हणून सिम काढूनच ठेवा.’ हा सल्ला प्रेमाने दिला जातो, पण तो फसवतो. रोमिंग आणि डेटा रोमिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोनच्या सेटिंगमध्ये डेटा रोमिंगचं बटण वेगळं असतं. ते बंद ठेवलं की इंटरनेटचा खर्च थांबतो, मात्र नंबर जिवंत राहतो. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो, आणि रोमिंगवर आलेल्या एसएमएसचे पैसे आपल्या कंपन्या सहसा घेत नाहीत. कॉल मात्र उचललात तर पैसे लागतात. नुसत्या वाजलेल्या फोनला सहसा नाही. खिसा रिकामा करतो तो पॅक नसताना गुपचूप चालणारा डेटा: ॲपचे अपडेट, फोटोंचा बॅकअप, व्हॉट्सॲपवर आपोआप उतरणारे व्हिडिओ. विमानात बसण्याआधी हे सगळं घरीच बंद करावं, आणि पॅक घ्यायचा तर आपला देश त्याच्या यादीत आहे ना, हे वाचूनच घ्यावा.

यादी वाचायला सांगतो ती उगाच नाही. १५ जून २०१७ पासून युरोपीय संघात एका देशाचं सिम दुसऱ्या देशात घरच्या दरात चालतं, म्हणजे आपल्या सर्कलच्या भिंती पडल्या त्याच वर्षी त्यांच्याही पडल्या. पण स्वित्झर्लंड त्या संघात नाही. ‘युरोप’ लिहिलेलं सिम पॅरिसमध्ये सुरळीत चाललं आणि जिनिव्हात मुकं झालं, असं होऊ शकतं. जिनिव्हा फ्रान्सच्या सीमेला खेटून आहे, तिथे फोन कोणत्या बाजूचा टॉवर धरेल याचा भरवसा नाही. आपल्या सीमेवरच्या वावरासारखंच ते.

‘वायफाय मिळालं की व्हॉट्सॲपवर बोलता येतं.’ बहुतेक ठिकाणी येतं. पण संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवर संदेश जातात, कॉल लागत नाहीत. आखातात कामाला गेलेल्या पोरांच्या आयांना हे आधीच सांगून ठेवायला हवं. पोरगा फोन उचलत नाही म्हणून रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, आणि दोष असतो तिथल्या नियमाचा.

मुक्काम आठवड्यापेक्षा लांबला तर तिथलं सिम बहुधा स्वस्त पडतं. ‘दुसरं सिम टाकलं की व्हॉट्सॲप जातं’ ही भीती अनाठायी आहे. ते जुन्याच नंबरवर चालतं. घरचं सिम मात्र फोनमधून काढू नका, दोन सिमची सोय त्यासाठीच असते. ई-सिम घ्यायचं तर आपला फोन ते घेतो का ते आधी पाहा, आणि इंटरनेट हाताशी असतानाच ते बसवा. भारतात परदेशी सिम विकायला दूरसंचार विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. स्वस्त दिसलं म्हणून कुणाकडूनही घेऊ नका. अमेरिकेतल्या नातेवाइकाने आणलेला फोन तिथल्या कंपनीपुरताच बांधलेला असू शकतो, त्यात दुसरं सिम चालणारच नाही.

सगळ्यात महाग पडतो तो विसरलेला नंबर. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरातच नसला तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात २० रुपये असले तर ते कापून आणखी ३० दिवस मिळतात. बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्या माणसाला दिला जातो. दोन वर्षांसाठी दोह्याला गेलेल्या पोराचं बँक खातं, आधार, सगळं त्या नंबरला जोडलेलं असतं. त्याचं रिचार्ज पांढुर्ण्यात बसून बापालाही करता येतं. तारीख लिहून कॅलेंडर स्वयंपाकघरात टांगावं, आणि पोराच्या फोनमधले घरचे सगळे नंबर निघण्याआधीच पुढे +९१ लावून साठवून द्यावेत.