नाताळच्या दिवशी मुंबई

गटाची सहल म्हटली की आपण देवस्थान निवडतो, नाहीतर प्रशिक्षण. दोन्ही नावं घरी चालतात. "नुसतं बघायला जातो" म्हटलं की सासूबाईंच्या कपाळाला आठ्या पडतात. पण नुसतं बघायला जाणं हेही काम आहे, असं आमच्या गटाचं मत आहे. म्हणून आज २५ डिसेंबरची मुंबई कशी बघावी, ते सांगतो.

आधी पैशाचं. सहलीची वर्गणी वेगळी काढा, गटाच्या बचतीला हात लावू नका. कर्जवाटपाच्या पैशातून गाडीभाडं गेलं, तर पुढच्या बैठकीत वाद ठरलेला. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षं झालेल्यांना प्रवास फुकट. म्हातारीला मागे ठेवू नका, फक्त तिचं आधार कार्ड घ्या. लोकलमध्ये मात्र ही सवलत नाही.

एसटीने दादरला उतरलात, तर पश्चिम रेल्वेच्या लोकलने वांद्रे गाठायचं. धीम्या गाडीने तिसरं स्टेशन. बायकांचा डबा वेगळा असतो. सकाळी लवकर जा, संध्याकाळी वांद्र्यात पाय ठेवायला जागा नसते. चढताना ताटातूट झाली तर एकच नियम: जी पुढे गेली तिने पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच थांबायचं, मागच्यांनी पुढच्या गाडीने यायचं. दोघींनी एकमेकींना शोधत फिरायचं नाही. दोन फोन नंबर कागदावर लिहून प्रत्येकीजवळ ठेवा, मोबाइलची बॅटरी संपते. रेल्वेत अडचण आली तर १३९, बाहेर ११२.

वांद्र्याच्या टेकडीवर माउंट मेरीचं चर्च आहे. कोळी बायका तिला मोत माउली म्हणतात. आजची इमारत १९०४ची. बाहेर मेणाचे हात, पाय, घरं विकायला असतात. ज्याचं दुखणं असेल, जे हवं असेल, ते वाहायचं. आपल्याकडे नवसाला चांदीचे डोळे वाहतात, तसंच. सगळ्या धर्मांची माणसं येतात, कुणी अडवत नाही. प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर बसा, फोटो काढू नका. चपला बहुतेक चर्चमध्ये काढत नाहीत, तरी इतरांकडे बघून ठरवा. शेवटी लोक रांगेने पुढे जाऊन प्रसाद घेतात. तो ख्रिस्तप्रसाद, त्यांच्या धर्माचा संस्कार. आपण त्या रांगेत उभं राहायचं नाही, बसून बघायचं.

चर्चमध्ये आणि गल्लीगल्लीत गोठा मांडलेला दिसेल. बाळ येशू जन्मला तेव्हा त्याला गव्हाणीत ठेवलं, ही कथा. गव्हाण म्हणजे काय, हे शहरातल्या पोरांना समजावून सांगावं लागतं, आपल्याला नाही! काही घरांत गोठ्यातलं हिरवं गवत म्हणून आधीच नाचणी नाहीतर गहू पेरतात. आपल्या घटातल्या धान्यासारखं.

इथले जुने ख्रिस्ती 'ईस्ट इंडियन' म्हणवतात. नाव इंग्रजी, पण माणसं इथलीच. बोली मराठी, जुन्या बायकांचं नेसणं लुगडं. गोवा-मंगळूरकडून आलेल्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण निराळे, हे दाखवायला त्यांनी १८८७मध्ये हे नाव घेतलं. त्यांच्या नाताळच्या फराळात नेवऱ्या आणि कुलकुल असतात. नेवरी म्हणजे आपल्या करंजीची बहीणच. कुलकुल करताना पिठाची गोळी काट्यावर किंवा फणीवर दाबून वळवतात आणि तळतात. दिवाळीत करून बघण्यासारखं आहे. रस्त्यांवर दगडी क्रूस दिसतील. त्यांतले कितीतरी १८९६च्या प्लेगच्या वेळी, साथ टळावी म्हणून उभारलेले.

दुपारी बँडस्टँडला समुद्राकाठी शिदोरी सोडा. सणाच्या दिवशी हॉटेलात जागा मिळत नाही, मिळाली तर भाव परवडत नाही. मग जलद लोकलने चर्चगेट. या स्टेशनचं नाव ज्या चर्चवरून पडलं, ते सेंट थॉमस कॅथेड्रल फोर्टात आहे, चालत जाता येतं. ते १७१८च्या नाताळच्याच दिवशी उघडलं. किल्ल्याच्या तटाला त्या चर्चकडे जाणारा दरवाजा होता, तो चर्चगेट. तट पाडला, नाव राहिलं.

आता जे कुणी सांगत नाही ते. संडास-मुतारीची सोय विचारून ठेवा. बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि घरी येऊन आजारी पडतात. मुंबईत पुरुषांना लघवीला फुकट आणि बायकांकडून पैसे, यावर २०११पासून 'राइट टू पी' नावाची मोहीम बायकांनीच चालवली. पैसे मागितले तर का, ते विचारा. सुटे मात्र जवळ असू द्या, भांडण्यापेक्षा निकड मोठी असते. स्टेशन दिसलं की आधी तिथे जाऊन या, लागली असो वा नसो.

परतीची एसटी आधी ठरवा आणि पाचच्या आत फोर्टातून निघा. रोषणाई अंधारानंतर खुलते हे खरं, पण ती बघायची तर मुक्कामाची सोय हवी. तसा बेत असेल तर रात्री कुठे राहायचं ते घरी आधीच सांगून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशीच्या गुरांच्या धारा कोण काढणार, तेही.