मुलाखतीत आपणही विचारावे
संगणक क्षेत्रात पदार्पण करणाऱ्या तरुण-तरुणींसाठी काही सूचना

मासेमारीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी मढच्या किनाऱ्यावर नाखवा आणि खलाशी यांच्यात बोलणी होतात. उचल किती, वाटा किती, फेरी किती दिवसांची, इंजिनाची दुरुस्ती झाली की नाही, हे सारे बोट पाण्यात लोटण्याआधीच ठरते. असे प्रश्न विचारणाऱ्या खलाशाला कोणी उद्धट म्हणत नाही. उलट त्याला कामाची जाण आहे, असेच मानले जाते. कारण बोट खोल समुद्रात गेल्यावर विचारण्यात काही अर्थ उरत नसतो.

याच गावातील शिकलेली मुलेमुली आज अंधेरीच्या सीप्झमध्ये किंवा मालाडच्या माइंडस्पेसमध्ये सॉफ्टवेअर अभियंता म्हणून नोकरी शोधतात. 1973 साली स्थापन झालेले सीप्झ हे भारतातून सॉफ्टवेअरची निर्यात जेथून सुरू झाली त्या ठिकाणांपैकी एक. तेथील मुलाखतीच्या शेवटी एक वाक्य हमखास येते: ‘आपल्याला काही विचारायचे आहे का?’ आणि आपली मुले बहुधा नम्रपणे उत्तर देतात, ‘नाही सर.’ ही नम्रता पुढे महाग पडू शकते. म्हणून मुलाखतीत कोणते प्रश्न विचारावेत आणि का, हे आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

कामाविषयी

पहिला प्रश्न कामाचाच असावा. ‘मी कोणत्या प्रकल्पावर काम करणार? नवी आज्ञावली लिहायची आहे की जुन्या प्रणालीची देखभाल करायची आहे? प्रकल्प संपला तर पुढे काय?’ सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांत प्रकल्प मिळेपर्यंत अभियंत्याला ‘बेंच’वर बसविले जाते. तो काळ किती लांबू शकतो आणि त्या काळात नोकरी कितपत सुरक्षित राहते, हे विचारणे योग्यच आहे. ज्याच्या हाताखाली काम करायचे, त्या प्रमुखाशी दहा मिनिटे बोलता येईल का, हेही विचारावे.

दुसरा प्रश्न कामाच्या पद्धतीचा. जोएल स्पोल्स्की या अमेरिकन सॉफ्टवेअर तज्ज्ञाने 2000 साली बारा प्रश्नांची एक चाचणी प्रसिद्ध केली होती. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर केवळ होय किंवा नाही. आज्ञावलीतील प्रत्येक बदलाची नोंद ठेवली जाते का? चुकांची यादी असते का? नवे लिहिण्यापूर्वी जुन्या चुका दुरुस्त करतात का? वेळापत्रक वास्तवाला धरून असते का? काम करायला शांत जागा आहे का? पंचवीस वर्षांनंतरही हे प्रश्न जुने झालेले नाहीत. जेथे यांची उत्तरे ‘नाही’ अशी येतात, तेथे कनिष्ठ अभियंत्याच्या रात्री दुसऱ्यांच्या चुका निस्तरण्यात जातात. आजच्या काळात यात एका प्रश्नाची भर घालावी: कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरण्यास परवानगी आहे का, आणि त्यांनी लिहिलेल्या मजकुरात चूक निघाल्यास उत्तरदायी कोण?

वेळेविषयी

मढच्या मुलांसाठी हा विषय विशेष महत्त्वाचा आहे. वर्सोव्याची फेरीबोट मिळाली तर खाडी काही मिनिटांत ओलांडता येते. ती चुकली, किंवा पावसाळ्यात बंद राहिली, तर मार्वे रस्त्याने मालाडपर्यंतचा लांब वळसा घ्यावा लागतो. ग्राहक अमेरिकेत असला की त्याची सकाळ म्हणजे आपली रात्र. म्हणून स्पष्ट विचारावे: ‘पाळी कोणती? रात्री-अपरात्री दूरध्वनीवर उपलब्ध राहण्याची जबाबदारी महिन्यातून किती वेळा येते? त्याचा वेगळा मोबदला मिळतो का? घरून काम करण्याची सवलत किती दिवस?’

महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार स्त्री कर्मचाऱ्याला रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचे असल्यास तिची संमती लागते, तसेच तिच्या सुरक्षिततेची आणि घरापर्यंतच्या वाहनाची व्यवस्था करावी लागते. मात्र गाडी मढच्या आपल्या घरापर्यंत येणार की मालाड स्थानकावर सोडणार, हे आपणच विचारून घेतले पाहिजे.

वेतनाविषयी

कंपनी जो वार्षिक आकडा सांगते, तो तिला आपल्यामागे येणारा एकूण खर्च असतो. तो आकडा हाती पडत नाही. समजा, वर्षाला 6 लाख रुपये सांगितले आणि त्यात मूळ वेतन 3 लाख आहे. मूळ वेतनाच्या 12 टक्क्यांप्रमाणे मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा हिस्सा 36,000 रुपये आणि उपदानापोटी सुमारे 4.81 टक्क्यांप्रमाणे 14,430 रुपये त्यात धरलेले असू शकतात. कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम 60,000 धरू. हे वजा जाता महिन्याला सुमारे 40,800 रुपये उरतात. त्यातून आपल्या हिश्शाचा निधी 3,000 आणि व्यवसाय कर 200 गेला की हाती सुमारे 37,600 रुपये येतात. सहा लाखांना बाराने भागून 50,000 चा हिशेब करणाऱ्या आणि त्यावर कर्जाचा हप्ता ठरविणाऱ्या कुटुंबाची किती ओढाताण होईल, हे वेगळे सांगायला नको.

उपदान तर कायम कर्मचाऱ्याला साधारणतः पाच वर्षांच्या सेवेनंतरच मिळते. म्हणून विचारावे: ‘दरमहा हाती किती येईल? कामगिरीची रक्कम गेल्या वर्षी पूर्ण दिली गेली का?’

करार आणि राजीनाम्याविषयी

शेवटचा प्रश्न बाहेर पडण्याचा. नोकरी सोडताना किती दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते? अनेक कंपन्यांत ही मुदत 90 दिवसांची असते आणि पुढचा मालक तितके थांबेलच असे नाही. ‘बाँड’ आहे का? असल्यास किती वर्षांचा आणि किती रकमेचा? ‘असे करार न्यायालयात टिकत नाहीत,’ असे मित्रमंडळी सांगतात. ते पूर्ण खरे नाही. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक क्षेत्रातील एका बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास 2 लाख रुपये भरण्याची अट वैध ठरविली. मात्र नोकरी सोडल्यानंतर दुसरीकडे काम करण्यावर सरसकट बंदी घालणारी अट 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या 27 व्या कलमानुसार सामान्यतः निरर्थक ठरते. हा फरक ध्यानी ठेवावा. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत, आणि नोकरीसाठी पैसे मागणाऱ्याकडे पाठ फिरवावी.

निवडपत्र हातात पडले म्हणजे नोकरी लागली असे नाही. 2022 नंतर अनेक नवपदवीधरांना निवडपत्रे मिळूनही रुजू होण्यासाठी महिनोन्महिने थांबावे लागले. म्हणून रुजू होण्याची तारीख विचारावी. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार कर्मचाऱ्याला लेखी नियुक्तिपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. ते मागण्यात संकोच नसावा.

कसे विचारावे?

सारे प्रश्न एकाच बैठकीत विचारू नयेत. कामाचे प्रश्न तांत्रिक मुलाखत घेणाऱ्यास, वेतन आणि कराराचे प्रश्न मनुष्यबळ विभागास विचारावेत. दोन-तीन प्रश्न कागदावर लिहून न्यावेत, शांतपणे विचारावेत आणि उत्तरे टिपून घ्यावीत. तोंडी दिलेली महत्त्वाची आश्वासने नंतर ई-मेलने लिहून पक्की करून घ्यावीत. उत्तर टाळले गेले, तर ते टाळणे हेच एक उत्तर समजावे.

गरज मोठी असेल तर काही उत्तरे मनासारखी नसतानाही नोकरी स्वीकारावी लागते, हे आम्ही जाणतो. त्यात कमीपणा नाही. परंतु काय स्वीकारतो आहोत हे माहीत असले, तर घरखर्चाची आखणी करता येते आणि पुढच्या नोकरीची तयारी वेळेवर सुरू होते. पालकांनाही आमची विनंती आहे: मुलगा वा मुलगी मुलाखतीहून घरी आल्यावर ‘काय विचारले?’ एवढेच न पुसता, ‘तू काय विचारलेस?’ हेही आवर्जून पुसावे.