संघ हरतो, तेव्हा नेमके कोण हरते?

सुरत–भुसावळ लोहमार्गावरील खांडबाऱ्यासारख्या गावी खो-खोचा संघ हरला, की दोषाचे खापर प्रथम एखाद्या गड्याच्या माथी फुटते. परंतु ज्या खेळात आठ जण चौकांत बसतात, एकच पाठलाग करतो, आणि पाठीवर हात पडून ‘खो’ अर्ध्या क्षणाने उशिरा आला तरी पुढच्या साऱ्यांची लय बिघडते, तेथे एकट्याचे अपयश ही कल्पनाच मुळात संशयास्पद होय. संघ चालविणाऱ्या क्रीडा मंडळाकडे एक सलग प्रणाली म्हणून पाहणारा अभ्यासक मैदानाबाहेरही दृष्टी टाकतो: दिवाळीनंतर खांडबाऱ्याच्या नंदुरबार जिल्ह्यातील कितीतरी आदिवासी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत मुक्काम हलवितात, सराव खंडित होतो, पराभव वाढतात, वर्गणी आटते, आणि वर्गणीअभावी सराव अधिकच आक्रसतो. या चक्राचा परिणाम विलंबाने दिसतो, हीच त्यातली मेख! कार्यकारिणी मात्र तत्काळ प्रशिक्षक बदलते. उपाय स्वस्त, आणि बहुधा निरुपयोगी. त्याऐवजी सरावाचा मोठा हिस्सा दिवाळीपूर्वीच उरकला आणि स्थलांतरित पालकांच्या मुलांची वसतिगृहात सोय लावली, तर पहिला फरक हजेरीपटावर दिसेल. निकालात तो उतरायला एखाददुसरा हंगाम जावा लागेल.