व्हिडिओ पाहिला, पण शिकलो का?

इअरफोन लावलेत ना? मग सुरू करू या. आजचा विषय ब्लेंडेड लर्निंग. म्हणजे कोर्सचा काही भाग ऑनलाइन, काही वर्गात.

आधी माझीच गोष्ट सांगतो. २०२० चा लॉकडाउन. मी बीएस्सीला, गावी अडकलेलो. रेंज यायची फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी. सर तासाभराच्या लेक्चरची लिंक ग्रुपवर टाकायचे, मी उन्हात बसून पूर्ण बघायचो. एकही लेक्चर सोडलं नाही. मग कॉलेज उघडलं, लॅबमध्ये सर्किट जोडायला सांगितलं, आणि मल्टीमीटर कुठे लावायचा तेच मला सुचेना.

गेल्या महिन्यात धाकटी बहीण तेच म्हणाली. ती एफवायला आहे, तिचा एक विषय अर्धा ऑनलाइन आहे. "दादा, सगळे व्हिडिओ बघून झाले, पण डोक्यात काही राहत नाही. मी ढ आहे का रे?"

नाही गं! बऱ्याचदा घोळ कोर्सच्या आखणीत असतो.

आणि हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार विद्यापीठं एका सेमिस्टरमधल्या ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्'वरच्या ऑनलाइन कोर्समधून करू देऊ शकतात. त्याचे क्रेडिट्सही मिळतात. म्हणजे उद्या तुमचीही पाळी येऊ शकते.

मग चांगली आखणी कशी ओळखायची?

पहिली खूण, लहान तुकडे. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी एडएक्सवरच्या चार कोर्समधली व्हिडिओ बघण्याची तब्बल ६९ लाख सत्रं तपासली. त्यांचा अभ्यास २०१४ मध्ये आला. व्हिडिओ कितीही लांब असो, निम्म्या वेळा तरी बघणारा सहा मिनिटांच्या आत निघून गेलेला. आमचं लेक्चर साठ मिनिटांचं!

दुसरी खूण, मध्येच थांबणं. आयआयटी मुंबईत कोर्स आखायची एक पद्धत तयार झाली, 'लर्नर-सेंट्रिक मूक'. त्यात व्हिडिओ चालू असताना शिक्षक प्रश्न टाकतात. पॉज करा, उत्तर वहीत लिहा, मगच पुढे जा. या जागेला ते 'रिफ्लेक्शन स्पॉट' म्हणतात.

चला, आपणही करून बघू. प्रश्न असा: शिक्षक समोर असताना असं कुठलं काम करावं, जे नुसत्या व्हिडिओने होत नाही? करा पॉज.

(दहा सेकंद शांतता)

झालं? माझं उत्तर आहे, अडणं. ऐकणं घरीही होतं, पण आपण नेमके कुठे चुकतोय हे कळायला समोर माणूस लागतो. हार्वर्डमध्ये फिजिक्स शिकवणाऱ्या एरिक मझूर यांनी १९९१ मध्ये वर्गाची रीतच बदलली. धडा आधी वाचून यायचं. वर्गात एक प्रश्न. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला ते पटवायचं, मग पुन्हा उत्तर द्यायचं. या पद्धतीला 'पीअर इन्स्ट्रक्शन' म्हणतात.

माझ्या त्या लेक्चरांमध्ये अडायला जागाच नव्हती. मी बघत राहिलो आणि बघणं म्हणजेच शिकणं समजलो.

बहीण आता व्हिडिओ पाच-सहा मिनिटांनी थांबवते. मोबाइल पालथा ठेवते, आठवेल ते वहीत लिहिते. जे लिहिता येत नाही, तोच तिचा प्रश्न. परवा तिने धीर करून विचारलं, "मॅडम, तासाची पहिली दहा मिनिटं आमच्या शंकांना द्याल का?" मॅडम लगेच हो म्हणाल्या. सगळं सोपं झालंय असं नाही, पण 'ढ' हा शब्द तिच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही.

तुमच्या कोर्समध्ये थांबायची जागा आहे का? नसेल, तर एकदा विचारून बघा. भेटू पुढच्या भागात!