निर्णयसागरी वळण

वरंध घाटाच्या पायथ्याच्या डोंगरात शिवथरघळ आहे. दासबोध इथे लिहिला गेला असे मानतात. अभ्यासकांचे त्यावर वाद आहेत, ते बाजूला ठेवू. आपल्या कामाचा आहे तो एकोणिसाव्या दशकातला पहिला समास, लेखनक्रियेचा. मराठी पुस्तक देवनागरी खिळ्यांत छापले जायला तेव्हा दीडेकशे वर्षे अवकाश होता. तरी आजच्या टंककारानेही पाठ करावा असा तो समास आहे. अक्षर गोलसर आणि सुटे हवे, शाई गडद हवी, ओळीला ओळ भिडू नये. कडेने जागा सोडावी, म्हणजे पानाच्या कडा झिजल्या तरी मजकूर शाबूत राहतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत लेखणी एकच वाटावी. आणि तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी उपयोग नाही. (पंचांगवाल्यांनी हा भाग वगळला असावा.)

हे गुण धातूत उतरवले ते जावजी दादाजी चौधरी आणि राणोजी रावजी आरू यांनी. मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्यापासून सुरुवात केलेल्या जावजींनी १८६४ मध्ये आरूंच्या साथीने टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना. पोलादी ठसे कोरणारा हात आरूंचा. जोडाक्षरे, मात्रा, वेलांट्या धरून देवनागरीच्या एका संचाला शेकडो खिळे लागत आणि त्या प्रत्येकात वळण तेच राखायचे होते.

या अक्षराची ऊब बोरूतून येते. देवनागरीच्या बोरूची चोच रोमन कलमाच्या उलट्या अंगाने तिरपी कापतात. त्यामुळे रेघ वळताना जाड-बारीक होते, पण हलक्या हाताने. जाड एकदम जाड आणि बारीक केसासारखे असा झगडा नसतो. पोटे मोकळी असल्याने शाई थोडी पसरली तरी अक्षर बुजत नाही. १८८६ मध्ये सुरू झालेली काव्यमाला ही संस्कृत ग्रंथमाला याच छापखान्याची. तिथली बारीक अक्षरातली टीपही वाचता येते.

दुकानाच्या पाटीला हे अक्षर देऊ नये. लांबून ते मऊ पडते. सरकारी पत्रांत र. कृ. जोशींचा ‘मंगल’ चालतो. पडद्यासाठी घडवलेला तो टंक एका पानापुरता ठीक, तीनशे पानांची कादंबरी त्यात वाचणे मात्र शिक्षाच. गाथा, पोथी, चरित्र, कादंबरी अशा सलग वाचनासाठी निर्णयसागरी वळणाला तोड नाही.

आज त्याच वळणावर बेतलेला ‘तिरो देवनागरी’ फुकट मिळतो, मराठी धाटणीच्या ‘ल’ आणि ‘श’सह. महाड-पोलादपूरकडची मंडळे पारायणाच्या प्रती, स्मरणिका छापतात. त्यांनी पुढच्या खेपेला तो चौदा पॉइंटात, ओळींत हवा ठेवून लावून पाहावा.